जपान: कोकुहोचं बिल अचानक चौपट! (उत्पन्न शून्य असताना)

भटकी_चिमणी | १७ जून २०२४, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. गेल्या ऑक्टोबरात मास्टर्ससाठी तोक्योत आले. पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या एका सीनियरने वॉर्ड ऑफिसात नेलं. एका खिडकीत पत्ता नोंदवला, पलीकडच्या खिडकीत कोकुमिन केन्को होकेन, म्हणजे ज्याला इथे सगळे नुसतं कोकुहो म्हणतात, त्या राष्ट्रीय आरोग्य विम्याचं कार्ड मिळालं. तेव्हापासून मार्चपर्यंतचे महिन्याला साधारण १,५०० येन पडले. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जायचं, चिठ्ठी द्यायची, पैसे मोजायचे, शिक्का घ्यायचा. मजेत चाललं होतं.

आज पोस्टाच्या पेटीत जाड पाकीट. आत १० हप्त्यांच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येकीवर ६,५६०! मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. बाइतो करत नाही, म्हणजे अर्धवेळ नोकरीबिकरी काही नाही. स्कॉलरशिप येते ती भाडं आणि भाजीत जाते (इथे भाजी महाग आहे, वेगळा धागा काढीन). उत्पन्न शून्य असताना हप्ता चौपट कसा? ऑफिसात फोन केला तर पलीकडून इतकं अदबशीर जपानी आलं की मी नुसतं "हाय, हाय" (म्हणजे "हो, हो") करत राहिले आणि ठेवून दिला. मराठीतही तेच म्हणत होते खरं तर.

कुणीतरी जरा इस्कटून सांगा. चूक त्यांची की माझी?

---

मिसोमिसळ | १७ जून, रात्री ११:४८

चूक त्यांची नाही. तुमचीही म्हणावी तर आहे, म्हणावी तर नाही. एक विचारतो: मधल्या काळात वॉर्ड ऑफिसातून एखादा फॉर्म आला होता का, उत्पन्न भरून पाठवा असं सांगणारा?

---

भटकी_चिमणी | १७ जून, रात्री ११:५५

आला होता! मला वाटलं, टॅक्स भरणाऱ्यांसाठी असेल. फ्रिजवर पिझ्झाच्या पत्रकांखाली आहे अजून.

---

मिसोमिसळ | १८ जून, सकाळी ७:३०

तोच चोर.

आता इस्कटून. कोकुहोच्या बिलात दोन भाग असतात. एक तुमच्या गेल्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर, दुसरा डोईपट्टीसारखा, माणशी ठरलेला. तुमचं उत्पन्न नाही, म्हणून पहिला भाग शून्य. राहिली डोईपट्टी. तोक्योच्या बहुतेक वॉर्डांत यंदा (२०२४) ती ४९,१०० अधिक १६,५००, मिळून वर्षाला ६५,६०० येन आहे. भागिले दहा करा. ६,५६० आले ना?

पण घराचं उत्पन्न ४,३०,००० येनच्या आत असेल तर डोईपट्टीत ७० टक्के सूट मिळते. (त्याच्या वर पायरीपायरीने ५० आणि २० टक्के.) म्हणजे तुम्ही वर्षाला भरायचे १९,६८०. यासाठी अर्जविनंत्या लागत नाहीत, सूट आपोआप बसते, फक्त तुमचं उत्पन्न किती हे ऑफिसला ठाऊक हवं. आणि इथे गंमत आहे. तुम्ही काहीच कळवलं नाही तर ते शून्य धरत नाहीत. ते "माहीत नाही" असं धरतात. जपानी कारकुनाच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पहिल्या वर्षी तुम्हाला सूट मिळाली कारण ऑक्टोबरात त्या खिडकीतल्या बाईंनी तुमच्याकडून तिथल्या तिथे एक कागद भरून घेतला असणार. आठवतंय का? ते एकदाच नसतं, दर वर्षी असतं. बाइतो करणाऱ्यांचा आकडा बहुधा मालकाकडून ऑफिसला परस्पर जातो. आपल्यासारख्या निष्कांचनांचं कुणी कळवत नाही, आपणच जाऊन सांगायचं.

उद्या झाईर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), माय नंबर (सरकारी ओळख क्रमांक) आणि आलेलं पाकीट घेऊन जा. खिडकीत एवढंच म्हणा: "र्यूगाकुसेई देस्. शून्यू वा आरिमासेन. शिन्कोकु शिताइ देस्." मी विद्यार्थी आहे, उत्पन्न नाही, तसं जाहीर करायचंय.

अवांतर: जपानीत उत्पन्नाला "शून्यू" म्हणतात. आपल्याबाबतीत भाषेने आधीच ओळखून ठेवलंय.

---

कामोकाठचा_बगळा | १८ जून, सकाळी ९:०५

शून्यू शून्य!! दंडवत घ्या.

चिमणीताई, हा फॉर्म नुसत्या पाच हजार येनचा नाही, म्हणून माझी गोष्ट सांगतो. लांबेल थोडी.

मी क्योतोत होतो. २०२२ च्या नोव्हेंबरात, २८ तारखेला पहाटे पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं, आदल्या रात्रीची करी. मग उजव्या बाजूला हात लावू देईना. डॉर्मच्या शेजाऱ्याने, तैवानचा होता बिचारा, ११९ फिरवला. ॲम्ब्युलन्स आली. (ॲम्ब्युलन्सचे पैसे पडत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मी स्ट्रेचरवर पडून "किती होतील" असं विचारत होतो आणि ते बाबा मला नाव विचारत होते.) अपेंडिक्स. त्याच दिवशी ऑपरेशन, २ डिसेंबरला घरी.

बिल दोन आली, कारण इथे सगळा हिशेब इंग्रजी महिन्याने चालतो. नोव्हेंबरचं वेगळं, डिसेंबरचं वेगळं. बिलावर येन नसतात, पॉइंट असतात, एक पॉइंट म्हणजे १० येन. नोव्हेंबरचे पॉइंट झाले साधारण ५२,०००, म्हणजे ५,२०,००० येन. त्यातले ७० टक्के विम्याचे, ३० टक्के माझे: १,५६,०००. डिसेंबरचे माझे २७,०००. जेवणाचं निराळं. माझ्या खात्यात तेव्हा चाळीसेक हजार असतील.

सेन्सेई, म्हणजे माझे प्राध्यापक, भेटायला आले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि पांढऱ्या पाकिटात घड्या नसलेल्या नव्या नोटा घालून उशीजवळ ठेवून गेले. बोलले काहीच नाहीत. मी आजही ते पाकीट जपून ठेवलंय.

मग लॅबच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, अरे, कोगाकु र्योयोहीचा अर्ज कर. महिन्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वरचे पैसे परत मिळतात, आणि ती मर्यादा उत्पन्नावर ठरते. ज्यांना रहिवासी कर लागत नाही, म्हणजे आपण, त्यांची महिन्याला ३५,४००. मी खुशीत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने संगणकात पाहिलं, थोडं थांबला आणि म्हणाला, तुमचं उत्पन्न जाहीर झालेलं नाही, त्यामुळे तुम्ही सर्वांत वरच्या गटात आहात.

सर्वांत वरच्या! म्हणजे क्योतोतल्या कंपनीमालकांच्या पंगतीला मी. त्या गटाची मर्यादा अडीच लाखांच्या वर. माझे १,५६,००० तिला शिवतही नव्हते, परत काय मिळणार? कपाळ.

सुदैवाने तो माणूस भला. म्हणाला, आत्ता जाहीर करता का? एका पानाचा कागद. नाव, पत्ता, "गेल्या वर्षी उत्पन्न नव्हतं" या चौकटीत गोल, आणि जगत कसे होतात तर "स्कॉलरशिप". चार मिनिटं. मार्चमध्ये खात्यात १,२०,६०० येन जमा झाले. डिसेंबरचे २७,००० मर्यादेच्या आत, त्यामुळे ते गेले ते गेलेच. महिना उलटायच्या आत बरे झालात तर बरं, एवढंच म्हणतो.

ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल तर आधीच गेन्दोगाकु तेकियो निन्तेइशो नावाचा दाखला काढून इस्पितळात द्यावा. मग सुरुवातीलाच मर्यादेपुरते पैसे घेतात, सेन्सेईंच्या पाकिटाची वेळ येत नाही.

---

तिखटमीठ | १८ जून, सकाळी १०:२०

वाचून काटा आला. मी पण तो फॉर्म टाकून दिलाय. पळते ऑफिसात.

---

एकला_चलो | १८ जून, दुपारी १:१५

मला हा सगळाच प्रकार पटत नाही. मी भारतातून येताना दोन वर्षांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊन आलो, कॅशलेस आहे. चोवीस वर्षांच्या धडधाकट माणसाने वर हे कोकुहो कशाला भरायचं? सहा महिने झाले, मी नाव घातलं नाही, कुणी विचारलंही नाही.

---

मिसोमिसळ | १८ जून, दुपारी १:४०

विचारतील. पटण्या-न पटण्याचा मामलाच नाही हा. तीन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेल्या परदेशी माणसाला २०१२ च्या जुलैपासून हे सक्तीचं आहे, त्याआधी अट एक वर्षाची होती. खाजगी विमा असला तरी सूट नाही. आणि जेव्हा नाव घालाल तेव्हा वसुली तुम्ही आलात त्या महिन्यापासून होईल. मधल्या काळात दवाखान्याचं जे झालं ते मात्र १०० टक्के तुमच्या खिशातून. म्हणजे हप्ते भरायचे पण फायदा नाही, दोन्हीकडून मार.

त्यातही थकवलंत तर आधी तोकुसोकुजो येतं, म्हणजे तगाद्याचं पत्र. तेही भिरकावलंत तर बँक खात्यावर टाच येऊ शकते.

---

एकला_चलो | १८ जून, दुपारी २:०५

बरं. रागावू नका. जातो.

---

काकू_फ्रॉम_निशीकासाई | १८ जून, दुपारी ४:३०

पोरांनो, मी विद्यार्थी नाही, पण बावीस वर्षं इथे आहे आणि दर ऑक्टोबरात नि एप्रिलात कुणाची ना कुणाची पाकिटं माझ्या डायनिंग टेबलवर उघडली जातात. म्हणून दोन शब्द.

सगळ्यांत जास्त घोळ पाहते तो दोन पाकिटांचा. एक कोकुहोचं, दुसरं पेन्शनचं, कोकुमिन नेन्किन. विशी ओलांडली की तेही सगळ्यांना येतं. यंदा (२०२४) महिन्याला १६,९८०! मुलं ते पाहून रडकुंडीला येतात. ते विम्याचं नव्हे बाळांनो. त्यासाठी गाकुसेई नोफु तोकुरेई म्हणून विद्यार्थ्यांची वेगळी सवलत आहे, अर्ज केला की भरणं पुढे ढकलतात. तोही दर वर्षी करायचा. गेल्या वर्षी एका पोराने उलटं केलं, पेन्शन इमाने इतबारे भरली आणि विम्याच्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये. काय म्हणावं!

आणि कुणीतरी सांगतं की भारत-जपान करार झालाय, आपल्याला भरायला लागत नाही. तो २०१६ च्या ऑक्टोबरात लागू झाला हे खरं, पण तो पेन्शनचा आहे आणि कंपनीने पाठवलेल्या लोकांसाठी. विद्यार्थ्यांचा त्याच्याशी संबंध नाही, आरोग्य विम्याचा तर नाहीच.

दुसरं, भाड्याच्या घरात दोघं-तिघं राहता तेव्हा पत्ता नोंदवताना प्रत्येकाने आपलं सेताइ वेगळं ठेवायचं. सेताइ म्हणजे आपल्या रेशनकार्डासारखं कुटुंब समजा. एकाच्या सेताइत दुसरा घुसला की विम्याचं पत्र कुटुंबप्रमुखाच्या नावाने येतं आणि सूट ठरवताना घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरतात. माझ्या ओळखीतल्या एकाची सूट रूममेटच्या बाइतोपायी गेली होती.

---

भटकी_चिमणी | १८ जून, रात्री ९:१०

काकू, पेन्शनचं पाकीट पण पिझ्झाखाली सापडलं. 🙈

---

दातकोरणं | १८ जून, रात्री १०:२५

विषय विम्याचा आहे तर दातांचं लिहितो, कारण भारतातून येणाऱ्यांना वाटतं की दात विम्यात बसत नाहीत. बसतात. ३० टक्क्यांतच. पण...

माझं रूट कॅनल. दादरला आमचे डॉक्टर दोन बैठकांत उरकतात, वर घरचं सगळं विचारतात. इथे पहिल्या दिवशी एक्स-रे आणि हिरड्यांची मोजणी. दुसऱ्या दिवशी दात साफ करून घरी. तिसऱ्या वेळी खरं काम सुरू, तेही वीस मिनिटं, वर तात्पुरतं सिमेंट. मग "पुढच्या आठवड्यात या." असे सात आठवडे. दर वेळी हजार-दोन हजार येन. एका बैठकीला फारसं वाटत नाही, पण सायकलवरून त्या दवाखान्याच्या इतक्या फेऱ्या झाल्या की कोपऱ्यावरचा कुत्रा मला ओळखायला लागला.

शेवटी टोपी बसवायची वेळ. विम्यात हवी तर चांदीसारखी चकाकणारी धातूची, जिला इथे गिन्बा म्हणतात. पांढरी काही दातांवर विम्यात होते, माझ्या डॉक्टरांनी माझ्या दाढेला नाही म्हटलं. विम्याबाहेरच्या पांढऱ्या सिरॅमिकचा आकडा ऐकून मी गिन्बा म्हणालो. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर हसलो तर आई म्हणते, "अरे, तोंडात काय चमकतंय? वाटी ठेवलीयस का?"

दात वेडेवाकडे सरळ करायची तार, दात पांढरे करणं हे विम्यात येत नाही. चष्माही नाही. लसी नाहीत, हौसेने केलेली तपासणी नाही. (विद्यापीठाची वर्षाची तपासणी फुकट असते, ती चुकवू नका, नंतर नोकरीच्या अर्जाला तिचाच दाखला लागतो.)

---

सर्दीपडसे | १९ जून, सकाळी ८:००

साध्या सर्दी-तापासाठी थेट मोठ्या इस्पितळात जाऊ नका, हे माझ्याकडून. मी गेलो. शोकाइजो, म्हणजे छोट्या दवाखान्याची चिठ्ठी, नव्हती. २०२२ च्या ऑक्टोबरपासून अशा मोठ्या इस्पितळांत चिठ्ठीविना गेलं तर किमान ७,००० येन जादा घेतात, आणि त्यात विमा एक येन देत नाही. सात हजारांची सर्दी! गल्लीतल्या नाइकात, म्हणजे साध्या फिजिशियनकडे गेलो असतो तर पहिल्या भेटीची फी २९१ पॉइंट, त्याचे ३० टक्के म्हणजे ८७० येन. वर औषधांचे, तेही वेगळ्या दुकानात. औषधाची चिठ्ठी चारच दिवस चालते, लिहिली तो दिवस धरून. मी पाचव्या दिवशी गेलो होतो हेही कबूल करून टाकतो.

रात्री-अपरात्री ११९ फिरवावा की नाही असं वाटलं तर तोक्योत #७११९ वर विचारता येतं.

---

जोडीने_जपान | १९ जून, सकाळी ९:१५

पीएचडीवाल्यांसाठी: बायको डिपेंडंट व्हिसावर आली तर "माझ्या विम्यात तिला घाला" असं कोकुहोत नसतं. प्रत्येक डोकं वेगळं मोजतात. आमचं बाळ इथलंच. बाळंतपण आजार मानत नाहीत त्यामुळे ३० टक्क्यांचा हिशेब नाही, त्याऐवजी एकरकमी ५,००,००० मिळतात (२०२३ च्या एप्रिलपासूनचा आकडा). बाळाच्या दवाखान्याचे मात्र आमच्या वॉर्डात शून्य येन. तोक्योच्या वॉर्डांत तसं आता अठरा वर्षांपर्यंत आहे.

---

रंकाळ्याची_भेळ | १९ जून, सकाळी ११:४०

कुणी सुट्टीत भारतात जाऊन आजारी पडलं आहे का? मी पडले होते, कोल्हापुरात स्कूटरवरून. कोकुहोकडून तिथल्या खर्चाचेही पैसे मागता येतात! पण निघण्याआधी इथून दोन कोरे फॉर्म न्यायचे. एकावर डॉक्टरने आजार आणि उपचार लिहायचे, दुसऱ्यावर खर्चाचा तपशील. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी जपानी अक्षरांचा कागद पाहून आधी हसून घेतलं, मग सही-शिक्का दिला. सोबत जपानी भाषांतर आणि पासपोर्टवरचे शिक्के. दोन वर्षांच्या आत अर्ज. इथल्या दराने किंवा प्रत्यक्ष खर्चाने, जे कमी असेल त्याच्या ७० टक्के. भारतातला खर्च कमी, त्यामुळे हाती आले ते नऊ हजारांच्या आसपास. भाषांतर स्वतः केलं म्हणून परवडलं. मुद्दाम उपचारासाठी भारतात गेलात तर मात्र देत नाहीत.

---

कामोकाठचा_बगळा | १९ जून, दुपारी १२:१०

स्कूटरवरून आठवलं: इथे सायकलने कुणाला धडकलात तर कोकुहो तुमच्या गुडघ्याचं पाहील, समोरच्याचं नाही. तोक्योत २०२० च्या एप्रिलपासून सायकलचा दायित्व विमा सक्तीचा आहे, तो वेगळा. आणि गाडीने तुम्हाला उडवलं तर कोकुहोचं कार्ड वापरण्याआधी ऑफिसात कळवावं लागतं, कारण ते पैसे शेवटी धडकणाऱ्याकडून वसूल करतात.

---

भटकी_चिमणी | १९ जून, सायंकाळी ६:५०

अपडेट! आज गेले. तिसरा मजला, टोकन २१७, समोर २०९ चालू. वाट पाहताना "शून्यू वा आरिमासेन" इतकं घोकलं की शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं. खिडकीत पोचले, वाक्य म्हटलं. त्या मुलीने "आ, हाय" म्हणत ड्रॉवरमधून तोच फॉर्म काढला, जो माझ्या फ्रिजवर आहे. मी गोल केला, "स्कॉलरशिप" लिहिलं, सही. नवीन बिल पुढच्या महिन्यात पोस्टाने येईल, तोवर जुनी चिठ्ठी भरू नका म्हणाली. झालं. बाहेर येऊन स्वतःला एक मेलनपान (गोड पाव) खाऊ घातलं.

पेन्शनची खिडकी पाच वाजता बंद झाली होती. उद्या.

---

भटकी_चिमणी | २० जुलै, दुपारी ३:०५

आलं! वर्षाला १९,६८०. मिसोमिसळ, तुमचा आकडा येनपर्यंत जुळला.

---

नवा_गडी | २३ जानेवारी २०२५, रात्री १०:३०

धागा वर काढतोय, माफी. याच महिन्यात भाषेच्या शाळेसाठी आलो. तुम्ही सगळे कार्ड कार्ड म्हणताय, मला खिडकीत कार्ड म्हणाले बंद झालं आणि एक कागदी तुकडा दिला. फसवलं का?

---

भटकी_चिमणी | २३ जानेवारी, रात्री ११:०२

नाही रे. २ डिसेंबरपासून जुनी कार्डं नव्याने देणं बंद झालंय. माय नंबर कार्डावर विमा जोडला असेल तर दवाखान्यात तेच मशिनवर ठेवायचं. ते अजून हातात नसेल तर हा तुझा कागद, शिकाकु काकुनिन्शो. दवाखान्यात जुन्या कार्डासारखाच चालतो. त्यावर मुदत असेल ती बघ.

आणि आल्या दिवशी उत्पन्नाचा कागद भरून घेतला का त्यांनी? बहुतेक घेतला असेल. पुढच्या वेळचा पोस्टाने येईल. पाकीट पिझ्झाच्या पत्रकांसारखंच दिसतं.

---

नवा_गडी | २३ जानेवारी, रात्री ११:०९

ताई, मी आल्यापासून आलेली सगळी पत्रकं फेकून दिलीत. 😐 उद्या सकाळी खिडकी किती वाजता उघडते?

---

काकू_फ्रॉम_निशीकासाई | २३ जानेवारी, रात्री ११:१५

साडेआठला. पेन हवा तर तिथे असतो. आधी कचऱ्याची पिशवी बघ, आमच्याकडे कागद शुक्रवारी नेतात. तुझ्याकडेही तसंच असेल तर अजून दारात आहे ती.